पार्किंगमध्ये बाईक धुताय? आधी लाईटचं बघा

घरी बाईक धुणाऱ्या माणसाला विचारा शॅम्पू कुठला, चेनला स्प्रे कुठला, फडकं कुठून घेतलं, अर्धा तास बोलेल. लाईट कुठला लावलाय विचारलं की गप्प, कारण लाईट म्हणजे जो छताला आधीपासून लटकतोय तो. आमच्याकडेही बरीच वर्षं तसंच होतं. चिंचवडला आमच्या रो-हाऊसच्या खाली साधारण बारा बाय दहा फुटाचं पार्किंग आहे, तीन बाजूंना भिंती आणि पुढे शटर, त्यात माझी युनिकॉर्न आणि बाबांची स्प्लेंडर. छताच्या बरोबर मधोमध एक होल्डर आणि त्यात उजाला योजनेतला ९ वॅटचा एलईडी बल्ब. शनिवारी रात्री गाडी धुवायची आणि रविवारी सकाळी बाहेर काढली की टाकीखाली शॅम्पूचे पांढरे ओघळ, मागच्या चाकाच्या आतून चिखल तसाच, चेन वरून चकचकीत आणि खालच्या बाजूने काळी. मेहनत पूर्ण केलेली असायची, फक्त जिथे हात फिरत होता तिथलं दिसत नव्हतं.

कोणी म्हणेल मग सकाळी उन्हातच धुवा की. नको. उन्हात टाकी तापलेली असते, शॅम्पू धुवून काढायच्या आत वाळतो, आणि आपल्याकडे बोअरचं पाणी असलं तर त्याचे क्षाराचे डाग असे बसतात की नंतर घासून काढताना रंगालाच ओरखडे पडतात. गाडी सावलीत, इंजिन गार झाल्यावर धुवायची असते, आणि सावली म्हटली की पार्किंग आलं आणि पार्किंग म्हटलं की लाईट आला. म्हणून नव्याने घरी धुवायला लागलेल्यांसाठी हे क्रमाने लिहितोय. मला जे कळायला वर्षं लागली ते आधीच सांगून टाकतो, छताला एक मोठा लाईट लावण्यापेक्षा मध्यम दोन-तीन लाईट बाजूला आणि खाली लावले तर कितीतरी जास्त दिसतं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

पहिलं काम: काही विकत न घेता एक रात्र सावल्या बघा

दुकानात जायच्या आधी रात्री गाडी नेहमीच्या जागी, मेन स्टँडवर लावा, आहे तो लाईट चालू करा आणि हातात कोरडं फडकं घेऊन धुतल्याची नुसती नक्कल करा. टाकी, मग सीटखाली, मग चाकाशी उकिडवं बसा, चेनजवळ वाका. प्रत्येक ठिकाणी थांबून बघा स्वतःच्या हाताची आणि डोक्याची सावली कुठे पडते. लाईट डोक्यावर किंवा पाठीमागे असेल तर तुम्ही जिथे वाकाल तिथेच अंधार होणार, कारण लाईटच्या आणि कामाच्या मध्ये तुम्हीच आहात. मग मोबाईलचा टॉर्च लावा आणि गाडीच्या बाजूने, गुडघ्याच्या उंचीवर, वेगवेगळ्या जागी धरून बघा. ज्या जागी धरल्यावर इंजिनच्या फिन्सच्या, म्हणजे त्यावरच्या पातळ पट्ट्यांच्या, आतलं, स्टँडच्या बिजागरीतलं, मडगार्डच्या आतलं दिसायला लागतं त्या जागी भिंतीवर खडूने फुली मारा. माझ्या फुल्या एकूण पाच झाल्या, त्यातल्या तीन जमिनीपासून दीड-दोन फुटावर होत्या, छताला एकही नव्हती.

खरं सांगायचं तर मला हे सगळं कळलं ते एका पट्टी लाईटमुळे. घरातल्या स्वयंपाकघरासाठी आणलेली एलईडी बॅटन, म्हणजे आपली ट्यूबसारखी पट्टी, ती तपासायला मी पार्किंगमध्ये नेली आणि पालथ्या बादलीवर आडवी ठेवून चालू केली. समोर युनिकॉर्न उभी. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांडीवर, सीलच्या जरा वर, एक बारीक ओली रिंग दिसली, आणि तिच्या खाली सीलच्या कडेला धूळ चिकटून काळपट मिशीसारखी झालेली. मी ती रिंग कित्येक धुण्यांना फडक्याने पुसत आलो होतो, वरच्या बल्बमध्ये ती धुतल्याचं पाणी वाटायची. बोट लावलं तर बोट बुळबुळीत. ऑईल सील गेलं होतं. ज्या बाजूला डिस्क आहे त्याच बाजूचं, म्हणजे अजून थोडे दिवस गेले असते तर ते ऑईल ओघळत खाली ब्रेकच्या पॅडवर गेलं असतं आणि ऑईल लागलेला पॅड ऐन वेळेला धरत नाही. मेकॅनिकने दोन्ही सील बदलली, काम छोटं होतं. पण त्या दिवसापासून मी गाडी धुणं म्हणजे गाडी तपासणं असंच धरतो आणि लाईट त्या हिशेबाने लावतो.

दुसरं: वॅट नाही, लुमेन वाचा

खोक्यावर मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेले असतात, पण वॅट म्हणजे वीज किती खाणार, उजेड किती पडणार ते लुमेनमध्ये असतं आणि ते खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात सापडतं. साधारण चांगला एलईडी एका वॅटला शंभरच्या आसपास लुमेन देतो. म्हणजे ९ वॅटचा बल्ब आठशे-नऊशे, २० वॅटची चार फुटी पट्टी दोन हजार. जुनी चोकवाली ३६ वॅटची ट्यूब नवीन असताना अडीच हजाराच्या जवळ द्यायची, पण गोल चहूबाजूला, त्यातला अर्धा उजेड छतालाच जायचा.

आता हिशेब करा. उजेड जागेवर किती पडला ते लक्समध्ये मोजतात, एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर एक लुमेन. आमचं पार्किंग बारा बाय दहा फूट म्हणजे ११ चौरस मीटर. लाईटमधून निघालेला सगळा उजेड कामाला येत नाही, भिंती खातात, छत खातं, मी सरळ अर्धा धरतो. एका ९ वॅटच्या बल्बचे साडेचारशे भागिले ११, झाले ४० लक्स. जिन्यात चालायला पुरतील, गाडी धुवायला नाही. २० वॅटच्या चार पट्ट्या लावल्या तर आठ हजाराचे चार हजार, भागिले ११, साडेतीनशेच्या वर. माझ्या अनुभवाने धुवायला तीनशे ते पाचशे लक्स असले की डोळे ताणावे लागत नाहीत, आणि पॉलिश किंवा चेनसारख्या बारीक कामाला त्या जागेपुरता हातातला टॉर्च वाढवायचा. मोबाईलवर लक्स मोजायचे फुकट अ‍ॅप मिळतात, अगदी काटेकोर आकडा देत नाहीत पण ह्या कोपऱ्यात जास्त का त्या कोपऱ्यात एवढं नीट कळतं.

विजेचं म्हणाल तर चार पट्ट्या मिळून ८० वॅट, दोन तास चालल्या तर ०.१६ युनिट. सहा वेळा गाडी धुतली की एक युनिट होतो, त्यामुळे बिलाच्या भीतीने अंधारात बसू नका. आणि लाईट वाढवायच्या आधी भिंतीला पांढरा रंग नाहीतर साधा चुना मारा, हे सगळ्यात स्वस्त काम आहे, सिमेंटची राखाडी भिंत उजेड गिळते आणि पांढरी भिंत तोच उजेड गाडीच्या पलीकडच्या बाजूवर परत टाकते. आम्ही खालचे चार फूट ऑईल पेंट मारला, पाणी उडालं तरी पुसता येतं.

तिसरं: रंग

दुकानदार न विचारता पांढराशुभ्र ६५०० केल्विनवाला देतो, त्याला कूल डे लाईट म्हणतात. पिवळा ३००० चा, आणि मधला ४००० चा. मधला मागा. थोडा शोधावा लागतो, खोक्यावर नॅचरल व्हाईट लिहिलेलं असतं. ६५०० मध्ये काळी टाकी निळसर दिसते आणि चमक इतकी मारते की डाग लपतात, पिवळ्यात गंज आणि चेनचं वाळलेलं ल्यूब (वंगण) सारखंच तपकिरी दिसतं. ६५०० च्या पट्ट्या आधीच असतील तर फेकून देऊ नका, त्याने काम अडत नाही, हातातला टॉर्च तेवढा मधल्या रंगाचा घ्या.

पण रंगाच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे, सीआरआय. म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, शंभरपैकी मार्क. पांढरा एलईडी म्हणून आपण जो म्हणतो त्याच्या आत खरं तर निळा प्रकाश देणारी चिप असते (ह्याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि तिच्यावर पिवळट लेप असतो, दोन्ही मिळून पांढरं दिसतं. त्यामुळे स्वस्त एलईडीत लाल रंग कमी पडतो. लाल कमी म्हणजे गंज कमी दिसणार, तांब्याची वायर आणि काळवंडलेली वायर सारखी दिसणार. ब्रेक ऑईलचं तेच, नवीन असतं ते फिकट पिवळसर आणि जुनं झालं की गडद तपकिरी होतं, आणि हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या डबीच्या छोट्या काचेतून हा फरक फालतू लाईटमध्ये ओळखूच येत नाही. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे आठवा, त्याच्याखाली लाल गाडी आणि काळी गाडी एकच वाटायची, ते ह्याच प्रकारातलं. सीआरआय ८० च्या खाली घेऊ नका, एक तरी लाईट ९० च्या वरचा असू द्या. खोक्यावर हा आकडाच छापला नसेल तर मी तो लाईट परत ठेवतो.

खोक्यावर आयएस नंबर (भारतीय मानकाचा) आणि आर ने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर आहे का तेही बघा. सुट्ट्या बल्बला आयएस १६१०२, पट्टीसारख्या पूर्ण फिटिंगला आयएस १०३२२. पाण्याजवळ लावायची वस्तू आहे, इथे पन्नास रुपये वाचवू नका.

चौथं: कुठे लावायचं

इथेच सगळा खेळ आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडी उभी राहते तिच्या लांबीला समांतर, दोन्ही बाजूंना एकेक पट्टी, गाडीच्या बरोबर डोक्यावर नाही तर हँडलच्या टोकापासून दोन-अडीच फूट बाहेर, छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागाला तिरकी करून. असं केलं की तुम्ही डावीकडे बसलात तर उजवीकडची पट्टी तुमच्या समोरून उजेड टाकते, सावली तुमच्या मागे पडते. बाहेर म्हणजे एवढं बाहेर की तुम्ही लाईट आणि गाडीच्या मध्ये शिरलात तरी दुसऱ्या बाजूने उजेड येत राहतो. ह्या दोन झाल्या वरच्या.

आता खालच्या. भिंतीवर जमिनीपासून दीड-दोन फुटावर, दोन्ही बाजूंना एकेक, आडव्या. ह्या पट्ट्यांमुळे इंजिनखाली, सायलेन्सरच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या पोटात आणि मेन स्टँडजवळ उजेड जातो, जिथे खरा चिखल बसतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडचा लाल नाहीतर काळा चिखल तिथेच ओला राहून लोखंड खातो. खालच्या पट्टीला दुधी कव्हर असलंच पाहिजे, उघड्या एलईडीचे ठिपके बसल्यावर बरोबर डोळ्यासमोर येतात आणि मग डोळे मिटून काम करावं लागतं. जागा लहान असेल आणि दोन्ही भिंतींना पट्टी शक्य नसेल तर खालची एकच लावा पण चेनच्या बाजूला लावा, आपल्या बहुतेक गाड्यांची चेन डावीकडे असते.

लांब पट्टीचा एक फायदा मला नंतर कळला. धुतलेल्या टाकीवर त्या पट्टीची सरळ पांढरी रेघ उमटते. ती रेघ जिथे वाकडी झाली तिथे टाकीला पोचा आहे, जिथे फाटल्यासारखी दिसली तिथे पाणी किंवा शॅम्पू राहिलाय. नुसतं डोकं थोडं हलवायचं, रेघ टाकीवरून सरकत जाते आणि सगळी टाकी दहा सेकंदात तपासून होते.

पाचवं: हातातला लाईट

भिंतीवरचे कितीही लावा, एक फिरता लाईट लागतोच. मी डोक्याला बांधायचा हेडलॅम्प आणि चुंबकवाला चार्जिंगचा टॉर्च असे दोन वापरतो. हेडलॅम्पने दोन्ही हात मोकळे राहतात आणि जिकडे बघाल तिकडे उजेड, फक्त एक लक्षात ठेवा की तो डोळ्यांच्या रेषेतूनच उजेड टाकतो त्यामुळे सगळं सपाट दिसतं, ओरखडे आणि उंचसखलपणा दिसत नाही. त्यासाठी टॉर्च बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून तिरका धरायचा. मग धुळीचा कण न कण उठून दिसतो.

चुंबकाचं सांगतो, दुकानात लोखंडी रॅकला टॉर्च छान चिकटतो आणि घरी आणल्यावर इंजिनला लावायला जाल तर खाली पडतो, कारण इंजिनचं कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं असतं, अलॉय चाकंही तीच. चेसीला, मेन स्टँडला, शटरच्या पट्टीला चिकटतो. टाकी लोखंडी असली तरी टाकीला लावू नका, चुंबकाखाली एक वाळूचा कण आला तरी रंगावर गोल ओरखडा बसतो. आणि टॉर्च जवळ न्यायला आळस करू नका, एक फुटावरचा टॉर्च दोन फुटावर नेला की उजेड अर्धा नाही, चौथा हिस्सा राहतो.

गडद रंगाच्या टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात ना, ते बघायला पट्टी लाईट उपयोगाचा नाही, पसरलेल्या उजेडात ते लपतात. एका ठिपक्यातून येणारा उजेड लागतो, टॉर्च किंवा सूर्य. ओरखडे खरं तर गोल नसतातच, सगळीकडे वेडेवाकडे असतात, त्यातले जे ठिपक्याच्या उजेडाला आडवे येतात तेवढे चमकतात म्हणून टॉर्चभोवती गोल जाळं दिसतं, टॉर्च हलवला की जाळंही हलतं. हे ओरखडे येतात बहुतेक वेळा फडक्यात अडकलेल्या मातीने. म्हणून धुतल्यावर टॉर्च मारून बघा, दर महिन्याला जाळं वाढतंय असं वाटलं तर फडकं आणि बादली बदला, पॉलिश नंतर. मॅट रंगाच्या गाडीला हे काही करायचं नाही, तिथे पॉलिशच लावायचं नसतं.

सहावं: पाणी आणि करंट, इथे घाई नाही

हा भाग पूर्ण वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

लाईटवर आयपी आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आयपी २० म्हणजे घरातला, पाण्याला काहीच संरक्षण नाही, आणि दुकानात मिळणाऱ्या बहुतेक साध्या पट्ट्या ह्याच असतात. छताजवळ जिथे पाणी पोचतच नाही तिथे एखादवेळ चालेल. खालच्या पट्ट्या मात्र आयपी ६५ च्याच घ्या, धूळ आत जात नाही आणि पाईपची धार सहन करते. पण प्रेशर वॉशर वापरत असाल तर ६५ वर विसंबू नका, ती टेस्ट साध्या धारेसारख्या पाण्याची असते, प्रेशर वॉशर शंभर बारच्या पुढे जातो. नोझल लाईटकडे करायचंच नाही.

मीटरच्या बोर्डात ईएलसीबी (खरं नाव आरसीसीबी, करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा, ३० मिलिअँपिअरचा. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, दाबलं की खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोपर्यंत पार्किंगमध्ये पाणी आणि वायर एकत्र आणू नका. नुसता एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला कळतच नाही. अर्थिंग खरं आहे का तेही त्याच वेळी तपासून घ्या, तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे मागे अर्थची वायर जोडलेलीच आहे असं नसतं, आमच्या पार्किंगच्या सॉकेटमध्ये ती सुटून लोंबत होती.

वायर पीव्हीसी पाईपातून, स्विच कोरड्या बाजूला छातीच्या उंचीवर. लोंबणारा होल्डर, टेप मारून जोडलेली वायर, जमिनीवर ठेवलेला एक्स्टेंशन बोर्ड, ह्यातलं काहीही नको. गॅरेजमध्ये पूर्वी जाळीतला हँडलॅम्प असायचा, शंभरचा पिवळा बल्ब लावलेला, तो घरी कोणाकडे अजून असेल तर बाजूला ठेवा, गरम काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की बल्ब फुटतो आणि उघडी तार हातात राहते. ५०० वॅटचा हॅलोजनही तसाच, भट्टीसारखा तापतो.

आणि पेट्रोल. चेन पेट्रोलने धुऊ नका, कृपा करून नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून न जाता जमिनीलगत साचते, बरोबर तिथेच जिथे आपण खालचे लाईट लावलेत आणि स्विचची ठिणगी पडायला वेळ लागत नाही. चेनला चेन क्लीनर नाहीतर केरोसीन, शटर पूर्ण वर, आणि जवळ कोणी सिगारेट ओढत उभं असेल तर त्याला आधी बाहेर पाठवा.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी

कॉमन पार्किंगमध्ये भिंतीला हात लावता येत नाही आणि कॉमन मीटरवरून वायर ओढली तर मीटिंगमध्ये विषय होतो. शिवाय हल्ली सेन्सरचे लाईट, तुम्ही चेनजवळ शांत बसलात की मिनिटा-दोन मिनिटांत बंद. तिथे सरळ चार्जिंगचे लाईट घ्या. घडीच्या स्टँडवर लागणारे दोन वर्क लाईट, हजार-हजार लुमेनचे, एक गाडीच्या डावीकडे एक उजवीकडे, कमरेच्या खाली, आणि डोक्याला हेडलॅम्प. बॅटरी कमी व्होल्टेजची असल्यामुळे ओल्या जमिनीवर शॉकची भीती नाही. पूर्ण उजेडावर बॅटरी किती तास टिकते ते खोक्यावर बघा, सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेले तास बऱ्याचदा सगळ्यात मंद उजेडाचे असतात. लाईट शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून ठेवू नका, आणि लाद्या ओल्या सोडून जाऊ नका, एवढं सांभाळलं की सोसायटीत कोणी काही म्हणत नाही.

धुताना लाईट कसे वापरायचे

आधी फक्त खालचे लाईट लावून कोरड्या गाडीला एक चक्कर. टायरमध्ये खिळा, काच, कुठे ऑईलचा ओघळ, कुठे नट सैल होऊन भोवती गंजाची पावडर, हे सगळं धुवायच्या आधीच दिसतं, धुतल्यावर पुरावा वाहून जातो. मग सगळे लाईट लावून धुवायचं, वरून खाली, चाकं शेवटी. पुसताना वरचे लाईट बंद करून नुसत्या बाजूच्या उजेडात पुसा, पाण्याचा थेंब तिरक्या उजेडात लगेच चमकतो.

चेनची वेळ आली की चावी काढून खिशात. गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँड किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड), चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू करून गिअरमध्ये चेन फिरवत फडकं धरणारे लोक आहेत, त्यात बोटं गेलेली आहेत. ह्यात लाईटचाही संबंध आहे बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी, ज्यात नीट ड्रायव्हर, म्हणजे वीज सरळ करून देणारा भाग, नसतो, सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही. आता मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर बसते ते दातेरी चाक, ४३ दातांचं असेल आणि चाक सेकंदाला साधारण सव्वादोन वेळा फिरलं, म्हणजे हाताने जोरात फिरवलं तरी, प्रत्येक लुकलुकीला एक दात पुढच्या दाताच्या जागी आलेला असतो. म्हणजे फिरणारे दात थांबल्यासारखे दिसतात. बोट घालायचा मोह तिथेच होतो. लाईट घेताना दुकानातच मोबाईलचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, पडद्यावर उजेड धडधडताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा दाखवा म्हणायचं.

चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे चाकाकडच्या, टॉर्च खालून वर मारा. बाहेरची बाजू सगळेच पुसतात, आतल्या बाजूलाच वाळू आणि जुनं ल्यूब मिळून लेप झालेला असतो. एखादी कडी वळत नसेल तर ती पण इथेच दिसते, स्प्रॉकेटवरून पुढे गेल्यावर सरळ होत नाही, जरा कुबड काढून राहते.

देखभाल

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीची पाखरं येतात ती सगळी पांढऱ्या लाईटवर, आणि ओल्या टाकीवर पंख चिकटतात. त्या दिवसांत शटरच्या बाहेर लाईट ठेवायचाच असेल तर पिवळा मंद बल्ब ठेवा, आतले लाईट लावायच्या आधी शटर अर्धं खाली घ्या, आणि शक्यतो पाखरं बसल्यावर तास-दीड तासाने धुवायला घ्या. पट्ट्यांच्या कव्हरवर धूळ आणि शॅम्पूचा थर बसतो, तो दोन महिन्यांनी मेन स्विच बंद करून ओल्या फडक्याने पुसा, नुसत्या पुसण्याने उजेड वाढल्याचं लक्स अ‍ॅपमध्ये दिसतं. खालच्या पट्टीच्या आत वाफ धरलेली किंवा थेंब दिसला तर ती लगेच काढा, सील गेलंय. ईएलसीबीचं टेस्ट बटण मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबतो, आणि चार्जिंगचा टॉर्च शुक्रवारी रात्रीच चार्जिंगला लावतो, शनिवारी धुवायला बसल्यावर तो अर्ध्यात विझला की नेमकी चेनची आतली बाजू राहून जाते.